मूडलवर हजारो पोरांची परीक्षा घेताय? पहिली पाच मिनिटं आधी सांभाळा

विद्यापीठात मूडलवर, म्हणजे ऑनलाइन वर्ग आणि परीक्षा चालवायच्या सॉफ्टवेअरवर, परीक्षा घ्यायचं ठरलं की पहिल्या मीटिंगमध्ये तासभर फक्त कॉपी, कॅमेरा, प्रॉक्टरिंग (परीक्षेवरची नजर) यावरच काथ्याकूट होतो. पण सिस्टिम आडवी होते ती कॉपीमुळे नाही, सगळे एकदम आत घुसतात म्हणून. ११ चा पेपर असेल तर १० वाजून ५९ मिनिटांनी दोन हजार पोरं बटणावर बोट ठेवून बसलेली असतात, आणि मूडलमध्ये अटेम्प्ट (एकेका पोराचा पेपर) सुरू होणं हेच जड काम, प्रत्येकाचे प्रश्न निवडा, शफल करा, डेटाबेसमध्ये टाका. एकदा सुरू झालं की लोड बऱ्यापैकी उतरतो.

म्हणून लॉगिन वीस मिनिटं आधीच करून घ्या, आणि सुरुवात तुकड्यातुकड्यात करा. प्रत्येक लॅबचा एक ग्रुप करायचा आणि ग्रुप ओव्हरराइड (त्या ग्रुपपुरती वेगळी सेटिंग) टाकून ओपन टाइम दोन-दोन मिनिटांनी पुढे सरकवायचा. पासवर्डही ग्रुपप्रमाणे वेगळा ठेवता येतो, तो फळ्यावर लिहायचा, व्हॉट्सॲपवर अजिबात नाही. हे करताना क्लोज टाइम बघायला विसरू नका. टाइम लिमिट १२० मिनिटं दिलीय पण क्लोज टाइम १ वाजताचा आहे, तर ११.१० ला सुरू करणाऱ्याचा पेपर १ लाच बंद होणार, मूडल दोन्हीतलं जे आधी येईल ते धरतं. त्यामुळे क्लोज टाइम ढिला ठेवा, वेळेचं काम टाइम लिमिटला करू दे. दिव्यांग विद्यार्थ्यांना तासाला किमान २० मिनिटं जादा द्यायची असतात, म्हणजे दोन तासांच्या पेपरला ४०, त्यांना युजर ओव्हरराइड आदल्या दिवशीच टाकून ठेवा आणि तिथेही दोन्ही वेळा बदला.

सर्व्हरवाल्या माणसाला तीन गोष्टी विचारा. सेशन्स (कोण लॉगिन आहे याच्या नोंदी) रेडिसमध्ये, म्हणजे मेमरीतल्या झटपट साठ्यात, आहेत का. क्रॉन, म्हणजे ठरलेली कामं आपोआप करणारा प्रोग्राम, दर मिनिटाला पळतोय का, कारण ज्याचा पीसी मध्येच बंद पडला आणि जो परत आलाच नाही त्याचा पेपर वेळ संपल्यावर क्रॉनच सबमिट करतो. आणि तिसरी, मायएसक्यूएलची (मूडलच्या डेटाबेसची) कनेक्शन लिमिट, म्हणजे एका वेळी किती जोडण्या घेतो ती, किती आहे. डिफॉल्ट १५१ असते, लोक पीएचपीचे वर्कर (एका वेळी मूडलची पानं तयार करणाऱ्या प्रोसेस) ४०० करून खूश होतात, गर्दी झाली की डेटाबेस दारातूनच परत पाठवतो, आणि मग सगळे मिळून इंटरनेटवाल्याच्या नावानं बोंबा मारतात.

लॅबमध्ये सेफ एक्झाम ब्राउझर टाका, पेपर चालू असताना बाकी काही उघडू न देणारा ब्राउझर. झुरिकच्या ईटीएच विद्यापीठानं बनवलेला आहे, फुकट आहे, मूडल ३.९ पासून क्विझच्या सेटिंगमध्येच येतो. विंडोज, मॅक, आयपॅडवर चालतो, लिनक्सवर नाही, तेव्हा उबंटूवाली लॅब असेल तर आधीच वेगळा विचार करा. क्विट पासवर्ड (त्यातून बाहेर पडायचा) सुपरवायझरकडे हवाच, नाहीतर एखादा पीसी अडकला की सगळे एकमेकांची तोंडं बघत बसतात. प्रत्येक लॅबमध्ये दहा टक्के मशीन रिकामी ठेवा. पीसी बंद पडला तर पोराला शेजारच्या मशीनवर बसवायचं, लॉगिन केलं की तोच अटेम्प्ट पुढे चालू होतो, ऑटोसेव्ह साधारण मिनिटाला होतो त्यामुळे फार काही जात नाही. घड्याळ मात्र थांबत नाही, गेलेली मिनिटं ओव्हरराइडमधून द्यायची, आणि सीट नंबर, वेळ, कारण हे कागदावर लिहून सही घ्यायची. निकालानंतर तक्रार आली की तोच कागद कामाला येतो. यूपीएसचं म्हणाल तर बॅटऱ्या खरंच चालतात का ते मेन स्विच पाडूनच बघा, लॅब असिस्टंटच्या "चालतंय सर" वर जाऊ नका.

मराठीतले प्रश्न असतील तर आणखी एक डोकेदुखी. सरांनी पेपर जुन्या श्री-लिपी फॉन्टमध्ये टाइप करून दिलेला असतो, मूडलमध्ये पेस्ट केला की नुसता कचरा दिसतो. युनिकोडमध्ये कन्व्हर्ट करा आणि मग ज्यांनी प्रश्न काढलाय त्यांनाच स्क्रीनवर वाचायला लावा, कन्व्हर्टर रफार आणि जोडाक्षरं हमखास खातो.

मॉक टेस्ट घ्या, त्याच लॅबमध्ये, त्याच वेळेला, खऱ्या पोरांना घेऊन. ऐच्छिक ठेवली तर कोणी येत नाही, हॉल तिकीट मॉकनंतरच द्या.

आणि रिव्ह्यू ऑप्शन्स, म्हणजे पेपरनंतर पोराला काय काय दिसावं याची सेटिंग. मूडलची डिफॉल्ट सेटिंग तशीच राहिली तर पेपर संपल्या संपल्या पोराला बरोबर उत्तरं दिसतात, आणि दुसरी बॅच बाहेर कॅन्टीनमध्ये बसलेलीच असते. सगळे टिक काढा, मग टेस्ट स्टुडंटनं एक पेपर सबमिट करून स्वतः खात्री करा. निकाल लावायच्या आधी चुकीची उत्तरतालिका (आन्सर की) दुरुस्त करून रीग्रेड मारायचं, म्हणजे गुण पुन्हा मोजायचे असतात, त्याआधी डेटाबेसचा बॅकअप घ्या.