थंडीत मांजराला बाहेर ठेवायचं का, आणि ठेवावंच लागलं तर काय करायचं

आधी सरळ उत्तर देते. घरातलं मांजर असेल तर थंडीच्या रात्री त्याला बाहेर ठेवू नका. दिवसा ऊन असेल, वारा नसेल आणि त्याला हवं तेव्हा परत आत येता येत असेल तर थोडा वेळ बाहेर गेलं तरी चालतं. आणि जे मांजर कुणाचंच नाही, बाहेरच राहतं, हात लावू देत नाही, त्याला निदान एक कोरडी आणि वारा न लागणारी जागा करून द्या, ते काम आपल्याला वाटतं त्यापेक्षा खूप सोपं आहे.

"अंगावर एवढे केस आहेत, त्याला कसली आलीय थंडी" असं खूप लोक म्हणतात आणि मला ते ऐकून दर वेळी वाईट वाटतं. पाळीव मांजराचे पूर्वज आफ्रिकन रानमांजरं, उत्तर आफ्रिका आणि पश्चिम आशियाच्या कोरड्या, उष्ण भागातली, त्यामुळे शरीर उन्हाला सरावलेलं, गारठ्याला नाही. मांजराचं नॉर्मल टेम्परेचर साधारण ३८ ते ३९ अंश सेल्सिअस असतं, म्हणजे आपल्यापेक्षा जास्त, आणि जास्तीची काही मेहनत न करता ते टिकवायचं तर आजूबाजूची हवा ३० अंशाच्या वर लागते. म्हणून तर ती चालू लॅपटॉपवर, टीव्हीच्या बॉक्सवर, नुकत्याच वाळलेल्या कपड्यांत जाऊन बसतात. आपल्याला छान वाटणाऱ्या हवेतही मांजराचं शरीर ऊब धरून ठेवायला थोडं काम करतच असतं. तो काही धोका नाही, पण त्याला थंडी आपल्याआधी कळते एवढं लक्षात ठेवा.

मग किती थंडी म्हणजे जास्त? ढोबळ आकडा हवा असेल तर ७ अंशाच्या खाली गेलं की बऱ्याच मांजरांना त्रास व्हायला लागतो, आणि शून्याच्या आसपास किंवा खाली गेलं की जिवाला धोका आहे असंच धरून चाला. पण खरं सांगू का, फक्त मोबाईलवरचा आकडा बघून ठरवू नका, ओल आणि वारा या दोन गोष्टी आधी बघा. मांजराला ऊब मिळते ती केसांमध्ये अडकलेल्या हवेमुळे, केस भिजले की एकमेकांना चिकटतात, ती हवा निघून जाते आणि मग कितीही दाट केस असले तरी त्यांचा उपयोग राहत नाही. वारा पण तेच करतो, केस विस्कटून आतली ऊब घेऊन जातो. त्यामुळे १० अंशात पावसात भिजलेलं मांजर हे २ अंशात कोरड्या खोक्यात मुटकुळं करून झोपलेल्या मांजरापेक्षा जास्त धोक्यात असू शकतं.

सगळ्या मांजरांना एकच नियम लावू नका. पिल्लं तर अजिबात बाहेर नाहीत, पहिल्या काही आठवड्यांत त्यांना स्वतःचं टेम्परेचर राखताच येत नाही, अगदी नवजात पिल्लाला तर धड कुडकुडताही येत नाही, ते आईच्या अंगाच्या उबेवरच जगतं. म्हातारी मांजरं, सांधे दुखणारी, किडनीचा किंवा थायरॉइडचा त्रास असलेली, आजारपणातून उठलेली, खूप बारीक झालेली, ही सगळी घरातच. नसबंदीचं ऑपरेशन झालंय आणि पोटाचे केस काढलेत तर ते पण घरात. स्फिंक्ससारखं बिनकेसांचं किंवा सयामीसारखं पातळ केसांचं मांजर असेल तर थंडीत बाहेरचा विषयच नको. मेन कून, नॉर्वेजियन फॉरेस्ट, सायबेरियन या जातींना दुहेरी फर असते, ती थोडी जास्त तग धरतात, पण तग धरणं म्हणजे मजेत असणं नाही, आडोसा त्यांनाही लागतोच.

आता बाहेर जायची सवय असलेलं मांजर आत ठेवायचं म्हणजे दाराशी बसून ओरडणार, दार खरवडणार, हे आलंच. यावर एक गोष्ट चांगली चालते, संध्याकाळचं खाणं रोज ठरलेल्या वेळी, अंधार पडायच्या थोडं आधी आणि घरातच द्यायचं, थोड्याच दिवसांत ते स्वतःहून त्या वेळी घरी यायला लागतं, मग दार बंद. त्याआधी दहा-पंधरा मिनिटं दोरीला पीस बांधून मनसोक्त पळवा, शिकार झाली, पोट भरलं की मांजर अंग चाटून झोपतं. खिडकीपाशी बसायला जागा करा म्हणजे बाहेरचं सगळं दिसतं. लिटर बॉक्स जितकी मांजरं त्यापेक्षा एक जास्त ठेवा, कारण बाहेर जाऊन मोकळं व्हायची सवय असलेलं मांजर घाणेरडा बॉक्स वापरत नाही आणि मग कोपरे शोधतं. अंथरूण थंड फरशीवर न ठेवता जरा उंचावर ठेवा. हीटर लावत असाल तर मांजर त्याला चिकटून झोपणार नाही असं बघा, चटका बसला तरी केसांमुळे लवकर दिसत नाही. बंद खोलीत कोळशाची शेगडी तर नकोच, त्याचा विषारी गॅस तुम्हालाही मारतो आणि त्यालाही. वॉशिंग मशीन आणि ड्रायरचं दार लावायच्या आधी आत हात घालून बघायची सवय लावा, उबेसाठी मांजरं आत जाऊन झोपतात.

बाहेरच्या मांजरासाठी खोकं कसं करायचं ते जरा सविस्तर लिहिते, कारण इथेच चांगल्या मनाने चुकीचं काम होतं. पहिली गोष्ट, खोकं लहान पाहिजे. आपल्याला वाटतं मोठं घर म्हणजे आरामदायक, पण आतली हवा मांजराच्याच अंगाने गरम होणार असते, मोठ्या खोक्यात ती कधी गरम होतच नाही. एकाला किंवा दोघांना गोल फिरून बसता येईल एवढं पुरे. झाकणवाला जाड थर्माकोलचा डबा असेल तर उत्तम, नाहीतर प्लास्टिकचा टब घ्या आणि आतून सगळ्या बाजूंनी, झाकणाला आणि तळालाही, थर्माकोल लावा. नुसतं पुठ्ठ्याचं खोकं एक रात्र तात्पुरतं ठीक, दवाने भिजलं की बसलंच. दाराचं भोक साधारण १५ सेंटीमीटर, त्याहून मोठं नको, मांजर एवढ्याशातून आरामात जातं आणि कुत्रं जात नाही. भोक तळापासून थोडं वर कापा म्हणजे पावसाचं पाणी आत वाहणार नाही. कडा धारदार राहिल्या तर टेप लावा.

खोकं थेट जमिनीवर ठेवू नका, जमीन खालून ऊब ओढून घेते, विटा किंवा लाकडी फळीवर चार बोटं उचलून ठेवा, मागची बाजू जरा उंच म्हणजे पाणी साचत नाही. वर एखादा दगड ठेवा, वाऱ्याने उडून जायला नको. दाराचं तोंड वारा येतो त्या दिशेला नको, भिंतीकडे तोंड करून मध्ये मांजराला शिरण्यापुरती जागा सोडली की वारा आणि कुत्री दोन्ही अडतात. दोन दारं करावीत म्हणजे पळून जायला वाट राहते असंही काही जण सांगतात, माझं मत एकच दार बरं, दोन केली की खोक्यातून वारा आरपार जातो. अगदीच कुत्र्यांचा त्रास असेल तर दुसरं करा आणि दोन्हींना जाड प्लास्टिकचे पडदे लावा.

आत काय घालायचं? पेंढा, म्हणजे धान्य झोडून उरलेल्या वाळक्या काड्या. घोंगडी, टॉवेल, जुना स्वेटर हे सगळं प्रेमाने घातलं जातं पण बाहेरच्या खोक्यात कापड श्वासाची वाफ आणि अंगाची ओल शोषून घेतं, ओलं झालं की वाळत नाही, आणि मग मांजर गार चिंधीवर झोपतं. पेंढ्याच्या काड्या आतून पोकळ असतात, पाणी फारसं धरत नाहीत आणि मांजर त्यात शिरून स्वतःला गाडून घेऊ शकतं. फक्त पेंढाच घ्या, जनावरांना घालतात ते वाळलेलं गवत नको, ते ओल धरतं आणि बुरसटतं. डबा अर्ध्याहून जास्त भरा, दाबू नका, सैल राहू द्या. आठवड्याने हात घालून बघा, दमट किंवा कुबट लागला तर बदला. पाण्याचं भांडं आत ठेवू नका, ते सांडणार आणि सगळं भिजणार.

मांजर लगेच आत जाईल अशी अपेक्षा नको. खोकं ते नेहमी बसतं तिथेच ठेवा, पहिले काही दिवस दारात थोडं कोरडं खाणं किंवा कॅटनिप (मांजरांना वासाने ओढ लावणारी वनस्पती) टाका, आणि उचलून आत कोंबायचा प्रयत्न चुकूनही करू नका, एकदा ती जागा भीतीची झाली की संपलं.

खाण्याचं म्हणाल तर थंडीत ऊब तयार करायलाच जास्त कॅलरीज जातात, त्यामुळे बाहेरच्या मांजराला नेहमीपेक्षा थोडं जास्त द्या, ठरलेल्या वेळी द्या. कडाक्याच्या थंडीत ओलं खाणं गोठतं, कोरडं बरं. पाणी दिवसातून दोन-तीनदा कोमट करून, खोलगट जाड भांड्यात, पसरट धातूच्या भांड्यात ते लवकर गार होतं आणि गोठतं. खाणंपाणी खोक्यापासून जरा लांब ठेवा, नाहीतर वासाने येणारे दुसरे बोके दारातच भांडण लावतात.

थंडीतले काही धोके थेट थंडीचे नसतात. गाडी बंद केली की इंजिन बराच वेळ गरम राहतं आणि मांजर खालून आत चढून बसतं, त्यामुळे सकाळी गाडी चालू करायच्या आधी बॉनेटवर दोन-तीन जोरात थापा मारा, हॉर्न वाजवा, थोडं थांबा. दुसरं म्हणजे गाडीच्या कूलंटमधलं, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्यातलं, अँटीफ्रीझ, ते पाणी गोठू नये म्हणून घालतात. त्यात बहुतेक वेळा इथिलीन ग्लायकॉल असतं, चमचाभर पोटात गेलं तरी मांजर दगावू शकतं, पायाला लागलेलं चाटलं तरी पुरतं. मांजर झिंगल्यासारखं चालायला लागतं, उलट्या करतं, मग थोडं बरं वाटल्यासारखं दिसतं आणि तोपर्यंत किडन्या निकामी होत असतात. मांजरांमध्ये उतारा साधारण ३ तासांच्या आत द्यावा लागतो, त्यामुळे संशय जरी आला तरी वाट बघू नका, थेट डॉक्टर. जमिनीवर सांडलं असेल तर लगेच पुसून धुऊन टाका. बर्फ पडतो तिथे रस्त्यावर मीठ टाकतात, मांजर बाहेरून आलं की पंजे ओल्या कापडाने पुसून कोरडे करा. आणि गॅरेज, गोडाऊन, जिन्याखालची खोली बंद करताना आत बघा, उबेसाठी शिरलेलं मांजर दिवसेंदिवस अडकून पडतं.

आता मांजर गारठलंय हे ओळखायचं कसं? आधी ते कुडकुडतं, अंग चोरतं, आडोसा शोधतं. त्यानंतर ते सुस्त होतं, चाल अडखळते, हिरड्या फिक्या पडतात, आणि कुडकुडणं थांबतं. कुडकुडणं थांबलं म्हणजे बरं वाटतंय असं समजू नका, अंग गारच असेल तर शरीर हरायला लागलंय. शरीराचं टेम्परेचर ३७ च्या खाली आलं असेल तर घरी प्रयोग नकोत, ऊब देत देत डॉक्टरकडे निघा.

ऊब द्यायची ती अशी: आधी टॉवेलने हलकेच टिपून पूर्ण कोरडं करा, मग जाड कापडात गुंडाळा, गरम पाण्याची पिशवी किंवा बाटली कापडात गुंडाळून पोटाशी आणि छातीशी ठेवा, कातडीला थेट लावू नका. हातपाय चोळू नका, आधी धड गरम व्हायला हवं. गरम पाण्याने अंघोळ नको, हेअर ड्रायर जवळून नको. अर्धवट शुद्धीत असेल तर तोंडात काही घालू नका, ठसका लागून छातीत जातं. पिल्लू गार पडलेलं मिळालं तर पहिल्यांदा दूध पाजायची घाई होते, पण थंड पिल्लाला पचवता येत नाही, आधी हळूहळू गरम करा, मग पाजा. आणि माणसांची ताप-दुखीची गोळी कुठल्याही मांजराला कधीही देऊ नका, पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा जीव घेते.

कानाची टोकं, शेपटीचा शेंडा आणि पंजे यांना हिमदंश, म्हणजे थंडीने कातडी गोठणं, आधी होतो, जागा फिकट किंवा निळसर आणि हाताला थंडगार लागते. ती चोळू नका, हाताला जेमतेम कोमट लागेल अशा पाण्यात भिजवलेलं कापड ठेवा, नंतर टिपून कोरडी करा, आणि परत थंडीत सोडायचंच असेल तर गरम करूच नका कारण पुन्हा गोठलं की नुकसान दुप्पट होतं, तसंच डॉक्टरकडे न्या. पहिल्या दिवशी कान ठीक दिसला तरी पुढचे आठ-दहा दिवस रोज बघत राहा, मेलेली कातडी काळी पडायला वेळ लागतो, आणि सूज, फोड किंवा काळी कडा दिसली तर परत दाखवा.