घरच्या घरी, जुन्या पद्धतीचा वाढदिवस करताय? मग या चुका टाळा

हल्ली बऱ्याच आईबाबांना परत पूर्वीसारखा घरीच वाढदिवस करावासा वाटतोय. म्हणजे संध्याकाळी बिल्डिंगमधली नि शाळेतली मुलं, क्रेप पेपरच्या पताका, औक्षण, केक, डिशमध्ये वेफर्स आणि वडा, थोडे खेळ, आणि सात वाजता सगळे आपापल्या घरी. खर्च खरंच खूप कमी होतो आणि मुलं मनापासून रमतात. पण काही घरांत हा बेत पार विस्कटतो आणि मग "पुढच्या वर्षी हॉलच बघू बाई" असं ठरतं. नीट बघितलं तर तिथे पैसे कमी पडलेले नसतात, मुलांसोबत थांबायला मोठं माणूस कमी पडलेलं असतं. आई स्वयंपाकघरात, बाबा फोनवर पत्ता समजावतायत आणि हॉलमध्ये पंधरा मुलं सोफ्यावर उड्या मारतायत! म्हणून सगळ्यात आधी दोन माणसं ठरवा, एखादी मावशी, काका, कॉलेजला जाणारा दादा किंवा ताई, ज्यांच्याकडे त्या दोन-अडीच तासांत मुलं सांभाळण्याशिवाय दुसरं काहीच काम नसेल.

वेळ आणि पाहुणे

साडेसातला बोलवायचं, मग बाबा ऑफिसमधून यायचे, मग आत्या ट्रॅफिकमध्ये अडकलेली म्हणून केक नऊला, तोपर्यंत चार-पाच वर्षांचं पोर झोपेला येऊन रडायला लागतं आणि सगळ्या फोटोंत तोच चेहरा. सुट्टीच्या दिवशी साडेचार ते सात ही वेळ ठेवा आणि आमंत्रणाच्या मेसेजमध्ये संपायची वेळसुद्धा लिहा, न्यायला येणाऱ्यांनाही ते बरं पडतं.

आजी-आजोबा, मामा-मामी, आत्या हे सगळे आणि मुलं एकाच वेळी बोलवू नका. मोठी मंडळी सकाळी औक्षणाला आणि जेवायला आली की निवांत होतं, संध्याकाळ फक्त मुलांची. नाहीतर सोफे मोठ्यांनी भरतात, चहाची फर्माईश येते आणि घरातली बाई आत अडकते ती अडकतेच. दोन खोल्यांच्या घरात बारा ते पंधरा मुलं पुष्कळ झाली. अख्खा वर्ग बोलवायची गरज नाही, पण मजल्यावरच्या सगळ्या बरोबरीच्या मुलांना बोलावून एकालाच वगळलं असं मात्र कधीही करू नका, ते त्या मुलाच्या फार मनाला लागतं.

सजावट

जुनं हवं म्हणून थर्माकोलची चमकीवाली "हॅपी बर्थडे" अक्षरं शोधत फिरू नका. १ जुलै २०२२ पासून देशभर सजावटीचं थर्माकोल, फुग्यांच्या प्लास्टिकच्या काड्या, प्लास्टिकचे ग्लास, चमचे, डिशेस या सगळ्यावर बंदी आहे, आणि महाराष्ट्रात तर थर्माकोलच्या डिशेसवर २०१८ पासूनच. कार्डशीटवर अक्षरं काढून मुलाकडूनच रंगवून घ्या, पतंगी कागदाच्या पताका कापा, तेवढ्यात दोन दुपारी मजेत जातात. सामान एकदाच यादी करून होलसेलला घ्या, पुण्यात बोहरी आळी, मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळची अब्दुल रहमान स्ट्रीट. पैसे खरे उडतात ते आयत्या वेळी मोबाईलवरून मागवलेल्या किरकोळ गोष्टींवर.

चिकटपट्टी थेट भिंतीला लावू नका, काढताना रंगाचा पोपडा सुटून येतो आणि मग पार्टीपेक्षा रंगाचाच खर्च जास्त. खिडकीच्या ग्रिलपासून पडद्याच्या रॉडपर्यंत दोरा बांधा आणि त्यावर पताका चिकटवा. पंख्याला तर काहीच बांधू नका, कारण गरम झालं की कोणीतरी सवयीने बटण दाबतंच. क्रेप पेपर पाण्याच्या जगजवळ नको, ओला झाला की रंग सोडतो. फुगे त्याच दिवशी दुपारी फुगवा, आदल्या रात्री फुगवलेले संध्याकाळपर्यंत मलूल होतात.

आता एक कळकळीने सांगते, हवेत तरंगणारे स्वस्तातले गॅसचे फुगे आणू नका. रस्त्यावर मिळणाऱ्या अशा फुग्यांत बरेचदा हायड्रोजन असतो आणि तो ज्योतीजवळ भडकतो. स्नो स्प्रेचंही तेच, मेणबत्ती पेटलेली असताना तो मारला तर चेहरा भाजू शकतो. तोंडाने फुगवलेले साधे फुगेच ठेवा, आणि फुटलेल्या फुग्याचे तुकडे लगेच उचला, लहान भावंडं ते तोंडात घालतात.

औक्षण आणि केक

केक कापून झाल्यावर औक्षणाला बसवलं तर मूल पाटावर टिकतच नाही, त्याचं लक्ष मित्रांकडे आणि भेटवस्तूंकडे. मित्रांसमोर औक्षण करायचं असेल तर ते आधी करा. पाट, भोवती रांगोळी, तबकात कुंकू, अक्षता, सुपारी, अंगठी, निरांजन हे सगळं मुलं यायच्या आधी मांडून झाकून ठेवा, काडेपेटीसुद्धा, कारण नेमकी तीच सापडत नाही. पाटाच्या वर आणि मागे पताका नकोत आणि निरांजन मोठ्या माणसाच्याच हातात. नंतर सगळ्या मुलांच्या हातावर पेढा ठेवला की त्यांनाही आपण त्यात आहोत असं वाटतं. ज्या घरात ज्योत फुंकून विझवणं आवडत नाही तिथे केकवर मेणबत्ती न लावता मुलाच्या हातून शेजारी समई लावून घ्यावी, त्यावरून मुलासमोर वाद घालू नये.

कुकरमधला केक बसला, ही तक्रार तर नेहमीची. बहुतेक वेळा कारण एकच, वीस मिनिटांत झाकण उघडून बघितलेलं असतं. शिट्टी आणि रिंग काढून, तळाला मीठ किंवा वाळू घालून, कुकर दहा मिनिटं आधी तापवायचा, मग बारीक गॅसवर ठेवायचा आणि पहिली ३० मिनिटं झाकणाला हात लावायचा नाही. बिस्किटांचा केक करत असाल तर फ्रूट सॉल्ट सगळ्यात शेवटी घाला आणि घातल्या घातल्या भांडं कुकरमध्ये गेलं पाहिजे. फेस धरलेला असतानाच ते मिश्रण आत जायला हवं, मध्ये फोन घेतला की बुडबुडे विरले आणि केक दडस झाला. तरीही मधे खळगा पडलाच तर तो घट्ट क्रीम किंवा जॅमने भरून वर जेम्सच्या गोळ्या लावा, मुलांना तो खळगा फार आवडतो. अगदीच तुटला तर तुकडे वाटीत घाला, वर कस्टर्ड आणि केळ्याच्या चकत्या, पुडिंग तयार! एक किलोचा केक पंधरा मुलांना पुरतो, चौकोनी असला तर कापायला सोपा.

खेळ

इथे सगळ्यात जास्त डोकं लावा. पहिली चूक म्हणजे सगळी जमायच्या आधी काहीच न ठेवणं. आल्याआल्या मुलांच्या हातात काम हवं, जमिनीवर मोठा कागद पसरून खडू द्या, सगळ्यांनी मिळून एकच चित्र काढायचं. दुसरी चूक, सुरुवातच संगीत खुर्चीने. पहिल्या पाच मिनिटांत चार मुलं आउट, ती कंटाळतात, कोणी पडद्याला लटकतं, कोणी रडतं. संगीत खुर्ची ठेवाच पण मध्यावर, आणि आउट झालेल्याला गाणं थांबवायचं काम द्या, सगळ्यांना तेच काम हवं असतं.

पास द पार्सल करायचं तर पार्सल आदल्या दिवशीच बनवा. मधे एक छोटं बक्षीस, त्यावर वर्तमानपत्राचे थर, जितकी मुलं तितके थर, आणि प्रत्येक थरात एक चॉकलेट आणि एक चिठ्ठी. चिठ्ठीत जमेल असंच काही लिहा, बेडकासारखी उडी मार, आजीची नक्कल कर, सात पक्ष्यांची नावं सांग. नाचून दाखव असं सारखं लिहू नका, लाजरी मुलं रडकुंडीला येतात. थर पिठाच्या खळीने हलकेच चिकटवा, सेलोटेपने गुंडाळलं तर फाडायलाच पाच मिनिटं जातात आणि बाकीची वैतागतात. गाणं लावणाऱ्याने चोरून बघत प्रत्येकावर एकदा तरी पार्सल थांबेल असं बघावं.

आंधळी कोशिंबीर टीपॉयची काच असलेल्या हॉलमध्ये अजिबात नको, गच्चीवर किंवा पार्किंगमध्ये घ्या, तिथेच विष-अमृत आणि तळ्यात-मळ्यात पण होतं. पळापळीनंतर बसून खेळायचा खेळ, म्हणजे ताटातल्या वस्तू लक्षात ठेवणं. मोठ्या मुलांना २० वस्तू चालतात, पाच वर्षांच्यांना सात-आठच. त्यानंतर लगेच खाणं, तोपर्यंत मुलं शांत झालेली असतात.

खाऊचा मोठा फुगा फोडायचा असेल तर तो पडद्याच्या रॉडला बांधा, आत हलक्या गोळ्या आणि झिरमिळ्या घाला, आणि लहान मुलांना आधी वेचू द्या, नाहीतर डोक्याला डोकं आपटतं.

खाणं आणि निरोप

पदार्थ चारच, पण डिश आधी भरून ठेवता येतील असे. गरम वडे तळत तळत वाढू म्हणणारी माणसं शेवटपर्यंत कढईपाशीच राहतात. एक किलो बटाट्यात लहान वडे २० ते २२ होतात, चार वाजेपर्यंत तळून ठेवा, मुलांना कोमटच बरे लागतात. मिरची कमी करा आणि ज्यांना तिखट हवं त्यांना चटणी वेगळी. सँडविच केली तर ओल्या पातळ फडक्याखाली ठेवा, कडा वाळत नाहीत. लिंबाचं किंवा कोकमचं सरबत, पंधरा मुलांना दोन-दोन छोटे ग्लास धरले तर साडेचार लिटर लागेल, आणि ग्लास घरातले स्टीलचेच. शेंगदाणा, दूध किंवा अंड्याची कोणाला अॅलर्जी आहे का हे आमंत्रणाच्या वेळीच विचारून घ्या.

भेटवस्तू सगळ्यांसमोर फोडू नका, कोणी महागाची आणलेली असते, कोणी साधी पेन, आणि मुलं लगेच तुलना करतात. कोणी काय दिलं ते पाकिटावर पेन्सिलने लिहून कपाटात ठेवा. परत द्यायला पेन्सिल, खोडरबर आणि कागदाच्या पुडीत चिवडा-लाडू एवढं भरपूर आहे, पण पुड्या दोन-तीन जास्त बांधा, बरोबर आलेली धाकटी भावंडं असतातच. ज्यांचे आईबाबा उशिरा येणार त्यांच्यासाठी पत्ते किंवा कॅरम काढून ठेवा, आणि टीव्ही तेवढा वेळ बंदच असू द्या.