चाचणीतले ईमेल फाइलीत अडवायचे, तर आधी काय काय बघायचं

अ‍ॅप्लिकेशनमधून मेल कुठून कुठून सुटतात ते आधी शोधा. चाचणी चालू असताना यातला कुठलाही मेल खऱ्या माणसाला न जाता फोल्डरमधल्या फाइलीत लिहिला गेला पाहिजे. नोंदणी आणि पासवर्ड रीसेट सगळ्यांच्या लक्षात असतात. रात्रीचा क्रॉन जॉब (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम), रांगेतली कामं उपसणारा वर्कर आणि एरर आली की अ‍ॅडमिनला मेल टाकणारा लॉगर हमखास राहून जातात. वर्करची प्रोसेस वेगळी, तिची सेटिंगही वेगळीकडून येत असेल, तर वेबचे मेल फोल्डरमध्ये पडत असतानाच वर्करचे मेल थेट ग्राहकाला जातात. म्हणून फाइलीत लिहिणं हेच डीफॉल्ट ठेवा. खरा एसएमटीपी (मेल प्रत्यक्ष पाठवणारा प्रोटोकॉल) मुद्दाम सांगितल्यावरच चालू झाला पाहिजे. टेस्ट मशीनवर आठवणीने मेल बंद करण्याची पद्धत कधीतरी दगा देणारच. एसएमटीपीचा पासवर्ड तर त्या मशीनवर ठेवूच नका.

फाइलीत लिहिण्यासाठी स्वतः कोड लिहायला बसू नका, फ्रेमवर्कमध्ये (जँगो, रेल्स यांसारख्या तयार सांगाड्यात) सोय बहुधा असतेच. जँगोत मेल फाइलीत लिहिणारा फाइल-बेस्ड बॅकएंड आहे, रेल्समध्ये अ‍ॅक्शन मेलरची डिलिव्हरी मेथड 'फाइल' करता येते, डॉट नेटच्या एसएमटीपी क्लायंटला पिकअप डिरेक्टरी (मेल टाकायचं फोल्डर) देता येते. डॉट नेटमध्ये फोल्डरचा पत्ता पूर्ण द्यावा लागतो आणि एसएसएल (जोडणीचं एन्क्रिप्शन) बंद असावं लागतं, नाहीतर मेल पाठवतानाच एक्सेप्शन येतं. जँगोवाल्यांनी हेही ध्यानात ठेवावं की त्याचा टेस्ट रनर (टेस्ट चालवणारा भाग) तुमची सेटिंग बाजूला सारून मेल मेमरीतच धरून ठेवतो. टेस्ट पास आणि फोल्डर रिकामं, हे दिसलं की बिघाड शोधत बसू नका.

पत्ता पूर्ण देण्याची सवय इतरत्रही बरी, कारण अर्धवट पत्ता दिला की वर्कर आपल्या चालू डिरेक्टरीत वेगळंच फोल्डर काढून बसतो. कंटेनर (अ‍ॅप चालवायची बंदिस्त जागा) वापरत असाल तर ते फोल्डर बाहेरच्या मशीनवर माउंट करा. गिट इग्नोरमध्येही (गिटने वगळायच्या फाइलींच्या यादीत) त्याचं नाव टाका. आत रीसेटच्या लिंक आणि लोकांची नावं असतात. डेटा प्रॉडक्शनवरून (खऱ्या चालू सिस्टिमवरून) उतरवला असेल तर सगळे ईमेल पत्ते एक्झाम्पल डॉट कॉमचे करून घ्या. १९९९च्या आरएफसी २६०६ने (इंटरनेटच्या नियमांच्या दस्तऐवजाने) हे डोमेन आणि 'डॉट टेस्ट', 'डॉट इनव्हॅलिड' हे शेवट अशाच कामासाठी राखून ठेवले आहेत. एखादा मेल निसटलाच, तरी तो खऱ्या माणसापर्यंत पोचत नाही.

प्रत्येक टेस्टआधी फोल्डर रिकामं करा. यात हयगय नको. रेल्स पाठवायच्या पत्त्याच्याच नावाने फाइल करतं आणि नवा मेल जुन्याच्या खाली जोडत जातं. कालचा मेल तिथेच पडून असला तर आज मेल गेलाच नाही तरी टेस्ट हिरवी दिसते. जँगोत एका कनेक्शनवर गेलेले मेल एकाच फाइलीत येतात, मध्ये डॅशची ओळ असते. तेव्हा फाइली मोजून मेलांची संख्या कळत नाही.

फाइल वाचणार कशाने, तेही आधीच ठरवा. मराठी विषय (सब्जेक्ट) फाइलीत मराठीत दिसतच नाही, एन्कोड होऊन येतो. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८मध्ये ३ बाइट घेतं आणि एन्कोड केलेल्या तुकड्याला ७५ अक्षरांची मर्यादा असते, त्यामुळे जरासा लांब विषयही दोन-तीन अगम्य तुकड्यांत मोडतो. ग्रेप करून (फाइलीत शब्द शोधून) काही हाती लागत नाही. मजकुरात याहून त्रासदायक प्रकार होऊ शकतो: क्वोटेड-प्रिंटेबल या एन्कोडिंगमध्ये लिंकमधल्या बरोबरच्या (=) चिन्हापुढे '३डी' चिकटतं आणि लांब ओळ मध्येच तुटते. अशी लिंक फाइलीतून जशीच्या तशी उचलली तर टोकन (लिंकमधला ओळखीचा कोड) चालत नाही आणि रीसेटच्या कोडवर उगाच संशय येतो. पायथॉनचं ईमेल मॉड्यूल किंवा तसाच एखादा पार्सर (मेल उलगडून वाचणारं साधन) वापरा. नुसतं डोळ्यांनी बघायचं असेल तर डॉट ईएमएल फाइल थंडरबर्ड या मेल अ‍ॅपमध्ये उघडते. बीसीसी मात्र जँगोच्या फाइलीत सापडणार नाही, कारण ते हेडरमध्ये (मेलच्या वरच्या माहितीत) लिहिलंच जात नाही. ते मेमरीतल्या आउटबॉक्समध्ये तपासा.

एसपीएफ आणि डीकेआयएम (मेल खरंच त्या डोमेनचा आहे का याच्या तपासण्या), स्पॅममध्ये जाणं, समोरच्या सर्व्हरने नाकारणं, यातलं काहीच फाइलीवरून कळत नाही. एसएमटीपीचं बोलणं तपासायला मेलपिट (चाचणीचा मेल सर्व्हर) चालवा. तो १०२५ पोर्टवर मेल घेतो आणि ८०२५वर ब्राउझरमध्ये दाखवतो. बाकीच्यासाठी रिलीजआधी स्वतःच्या पत्त्यावर एक खरा मेल पाठवून त्याचे हेडर बघा.