डिमेन्शिया आणि फिट: घरच्यांनी या चुका टाळा

फिट म्हटली की हातपाय झाडणं आणि तोंडाला फेस, एवढंच डोळ्यांपुढे येतं. पहिली चूक इथेच होते. अल्झायमर (डिमेन्शियाचा, म्हणजे स्मृतिभ्रंशाचा, एक प्रकार) झालेल्यांना फिट येण्याची शक्यता त्याच वयाच्या इतरांपेक्षा जास्त असते, पण ती बऱ्याचदा गुपचूप येते. आजोबा बोलता बोलता थांबतात, नजर खिळते, ओठ चाटल्यासारखे हलतात, बोटं सदऱ्याची बटणं चाचपत राहतात. हाकेला ओ नाही. मिनिट-दोन मिनिटांत हे संपतं, पण नंतर बराच वेळ ते गोंधळलेले असतात. घरचे म्हणतात, "आज विसरणं जरा जास्तच झालंय."

अल्झायमरमधला विसर हळूहळू वाढतो. अचानक सुरू होऊन तासाभरात ओसरत नाही. असं काही वारंवार आणि साधारण एकसारखंच घडत असेल, तर मोबाइलवर व्हिडिओ काढा, वेळ लिहून ठेवा. न्यूरोलॉजिस्टला तुमच्या तोंडी वर्णनापेक्षा त्याचा जास्त उपयोग होतो. निदान मात्र घरी नको. अचानक गोंधळ जंतुसंसर्गाने किंवा साखर उतरल्यानेही उडतो.

उलटी चूकही होते. एखादी व्यक्ती झोपेतून उठल्यावर अर्धा-एक तास तेच तेच प्रश्न विचारते आणि मग पूर्ववत होते. लगेच डिमेन्शियाचा शिक्का! हा अपस्माराचा, म्हणजे फिटच्या आजाराचा, एक प्रकार असू शकतो, आणि तो औषधाने बहुधा आटोक्यात येतो.

ईईजी (मेंदूतल्या विद्युत लहरींची तपासणी) नॉर्मल आला म्हणून विषय संपवू नका. साधा ईईजी जेमतेम अर्ध्या तासाचा असतो. गरज पडल्यास झोपेतला, जास्त वेळाचा करतात.

फिटच्या औषधांच्या बाबतीत तर घोळ फार. फेनोबार्बिटोन, टोपिरामेट यांनी विचार मंदावू शकतो, व्हॅल्प्रोएटने हात थरथरू शकतात, लेव्हेटिरासेटामने चिडचिड वाढू शकते. हे सगळं आजार वाढल्याचं लक्षण वाटतं. मग कुणीतरी परस्पर गोळी बंद करतं, आणि फिट थांबतच नाही अशी वेळ येऊ शकते. बदल डॉक्टरांनाच करू द्या. दुखण्यासाठी ट्रॅमाडॉल चालू असेल तर तेही त्यांना सांगा, त्याने फिटचा धोका वाढतो.

आणि ज्यांना सकाळचं जेवण आठवत नाही, त्यांच्यावर गोळ्यांची जबाबदारी कशी टाकता? डबी घरातल्या एकाच माणसाकडे ठेवा, गोळी गिळेपर्यंत त्याने समोर थांबायचं.