शाईचे पेन की बॉलपेन : निवड कशी करावी

पेन विकत घेताना दुकानातल्या चिटोऱ्यावर दोन रेघोट्या मारून ते पसंत करण्याची आपली पद्धत आहे; परंतु शाईचे पेन आणि बॉलपेन यांतून निवड करायची असेल, तर आपण रोज ज्या वहीत लिहितो तिचेच पान घेऊन दोन्ही पेनांनी किमान अर्धे पान सलग मजकूर लिहून पाहावा. फरक खरा कळतो तो हात थोडा थकल्यावर.

बॉलपेनच्या टोकाशी साधारण ०.७ किंवा १ मिलिमीटर व्यासाची धातूची गोळी असते. कागदावर दाब दिला की ती फिरते आणि रिफिलमधली तेलकट, घट्ट शाई बाहेर आणते. शाईच्या पेनात पातळ, पाण्यात कालवलेली शाई निबच्या चिरेतून आपोआप उतरते आणि जितकी शाई खाली येते तितकी हवा निबखालच्या जिभेच्या खाचांतून टाकीत शिरते. त्यामुळे निबवर दाब द्यावा लागत नाही, देऊही नये. वर्षानुवर्षे बॉलपेन वापरलेल्या माणसाचा हात नेमका इथेच अडतो. त्याने पेन कागदाशी सुमारे पंचेचाळीस अंशांत तिरके धरावे, निबची पाठ वर ठेवावी आणि केवळ पेनाच्या वजनाने लिहावे.

चाचणीसाठी ‘श्रीक्षेत्र’, ‘कृष्णाष्टमी’, ‘ज्येष्ठ’ असे जोडाक्षरांचे शब्द निवडावेत. काना वरून खाली ओढताना कोणतीही निब सुरळीत चालते. वेलांटी आणि रफार काढताना मात्र ती वरच्या दिशेने ढकलली जाते आणि खरखरीत निब तिथे कागदाला टोचते. शिरोरेघेवरही लक्ष ठेवावे. हलक्या प्रतीच्या बॉलपेनाची शाई गोळीच्या कडेला साचते आणि रेघेच्या वळणावर तिचा ठिपका पडतो, तर शाईच्या पेनाचा प्रवाह अपुरा असेल तर रेघ मध्येच कोरडी पडते. नंतर पान उलटून मागची बाजू पाहावी. स्वस्त, पातळ कागदावर पातळ शाई फुटते आणि पाठीमागे उमटते. अशा वहीसाठी बारीक निब घ्यावी किंवा सरळ बॉलपेन वापरावे. शेवटी वाळलेल्या अक्षरांवर पाण्याचा एक थेंब टाकावा. साध्या निळ्या शाईची अक्षरे बहुधा पसरतात, बॉलपेनची सहसा टिकतात. म्हणून धनादेश, अर्ज आणि पाकिटावरचा पत्ता यांसाठी मी बॉलपेनच सुचवतो. कार्बन लावून पावती करायची असेल तर दुसरा पर्यायच नाही, कारण तिथे दाबच हवा असतो.

दीर्घ लेखनासाठी मात्र माझा कौल निःसंशय शाईच्या पेनाला आहे. दाब नसल्याने बोटे आणि मनगट आखडत नाहीत आणि अक्षराला जो डौल येतो तो मला बॉलपेनमध्ये क्वचितच दिसला आहे. मुलांच्या हाती पाचवी-सहावीत तरी असे पेन द्यावे, असे मला मनापासून वाटते.

त्याची निगा मात्र राखावी लागते. शाईचा रंग बदलताना, आणि एरवीही महिन्या-दोन महिन्यांनी, पेन साध्या पाण्याने, पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवावे. उकळते पाणी किंवा स्पिरिट वापरू नये, प्लॅस्टिकचे भाग बिघडतात. चित्रकलेची वॉटरप्रूफ काळी शाई पेनात कधीही भरू नये, कारण ती आत वाळली की जिभेच्या खाचा कायमच्या बुजू शकतात. काही दिवस लिहायचे नसेल तर टाकी रिकामी करून, पेन धुऊन ठेवावे. विमानप्रवासात हवेचा दाब कमी झाल्यावर टाकीतली हवा प्रसरण पावते आणि शाई बाहेर ढकलते, तेव्हा टाकी पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामी करून, निब वर राहील असे पेन खिशाला लावावे.