रेडिओवरून टेप केलेले रॉक सेशन : जुन्या कॅसेट कशा जमवाव्यात आणि कशा वाचवाव्यात

लेड झेपेलिन या ब्रिटिश रॉक बँडने १९६९ मध्ये ब्लूज संगीतकार अलेक्सिस कॉर्नर यांच्या रिदम अँड ब्लूज या कार्यक्रमासाठी वाजवलेल्या सेशनची मूळ टेप बीबीसीकडे उरली नाही. हा कार्यक्रम बीबीसीच्या वर्ल्ड सर्व्हिस या परदेशी श्रोत्यांसाठीच्या सेवेवर लागत असे. २०१६ मध्ये या बँडच्या बीबीसी सेशन्सचा संपूर्ण संच निघाला, तेव्हा त्या सेशनमधील तीन गाणी एका श्रोत्याने घरी रेडिओवरून टेप केलेल्या प्रतीवरून घ्यावी लागली. असे घडण्याचे कारण साधे होते. तबकड्या किती तास वाजवायच्या यावर त्या काळी बीबीसीला कराराचे बंधन होते, म्हणून बँडना स्टुडिओत बोलावून त्यांच्याकडून गाणी वाजवून घेतली जात, आणि प्रसारण झाल्यावर त्याच टेपवर पुष्कळदा दुसरा कार्यक्रम घेतला जाई.

वर्ल्ड सर्व्हिस शॉर्टवेव्हवर नागपुरातही लागत असे. त्यामुळे रामदासपेठेत किंवा धरमपेठेत जुना बंगला पाडण्याआधी माळा रिकामा होत असेल, किंवा अजनीच्या रेल्वे वसाहतीतून वा कामठीच्या छावणीतून कोणी घर हलवत असेल, तर तेथील टू-इन-वनवर, म्हणजे रेडिओ आणि कॅसेट रेकॉर्डर एकत्र असलेल्या यंत्रावर, टेप केलेल्या कॅसेट भंगारात जाण्यापूर्वी एकदा पाहाव्यात, असे माझे कळकळीचे सांगणे आहे. घरातील वडीलधाऱ्यांना आधीच विनंती करावी, की काका, कॅसेटच्या कार्डावर पेन्सिलीने काही लिहिलेले असेल तर ते पुसू नका आणि कॅसेट तिच्या मूळ डबीतून काढू नका. चुकीचे लिहिलेले असले तरी ते हवेच असते. लेड झेपेलिनच्या कॅसेटवर नुसते ‘पॅरिस’ असे लिहिलेले असेल, तर ते दोन निरनिराळे कार्यक्रम असू शकतात. एक म्हणजे १० ऑक्टोबर १९६९ रोजी पॅरिसच्या ऑलिंपिया सभागृहात झालेला आणि युरोप १ या फ्रेंच रेडिओने प्रसारित केलेला कार्यक्रम, आणि दुसरा म्हणजे १ एप्रिल १९७१ रोजी बीबीसीने लंडनमधील पॅरिस थिएटरमध्ये टेप केलेला कार्यक्रम. बँडचा चौथा अल्बम नोव्हेंबर १९७१ मध्ये निघाला, त्यामुळे त्या अल्बममधील एखादे गाणे कॅसेटवर सापडले, तर १९६९ चा पर्याय तेथेच बाद होतो.

कॅसेट घरी आणल्यावर ती लगेच वाजवून पाहण्याचा मोह आवरावा. सर्वप्रथम तिच्या मागच्या कडेवरील प्लॅस्टिकचे दोन छोटे चौकोनी तुकडे मोडावेत, म्हणजे चुकून रेकॉर्डचे बटण दाबले गेले तरी त्यावर काही चढणार नाही. नंतर खिडकीच्या उजेडात धरून फितीच्या गुंडाळीच्या कडा पाहाव्यात. पांढरट ठिपके किंवा कापसासारखे काही दिसले, तर ती बुरशी आहे आणि अशी कॅसेट मशीनमध्ये घालू नये, कारण बुरशी हेडवरून, म्हणजे मशीनच्या ज्या भागाला घासून फीत वाजते त्यावरून, पुढच्या प्रत्येक कॅसेटवर जाते. हे मी अनुभवाने लिहितो आहे. एका उन्हाळ्यात मी अकरा कॅसेटचा खोका कूलरच्या खोलीत ठेवला होता. मे महिन्यात बाहेर ४५ अंश तापमान असताना तीच खोली घरात सर्वांत थंड होती आणि टेपसाठी थंडावा चांगला, एवढेच मला ठाऊक होते. कूलर थंडाव्याबरोबर ओलही आत आणतो, हे माझ्या लक्षात आले नाही. जुलैपर्यंत चार कॅसेटना बुरशी लागली आणि त्यांतील एकीचे एक गाणे कायमचे गेले. तेव्हापासून माझ्या कॅसेट घराच्या मधल्या खोलीत, गच्चीच्या स्लॅबपासून आणि कूलरपासून दूर, लोखंडी कपाटात सिलिका जेलच्या पुड्यांसह उभ्या ठेवलेल्या असतात. सुमारे २० अंश तापमान आणि ३० ते ४० टक्के आर्द्रता ही आदर्श स्थिती आपल्याकडे वर्षभर सांभाळणे अवघड आहे, परंतु एकदम मोठे चढउतार टाळणे कोणालाही जमण्यासारखे आहे.

बुरशी लागलेली कॅसेट काही आठवडे कोरड्या जागी ठेवून ती पूर्ण सुकल्यावरच, तोंडाला मास्क लावून, घराबाहेर उघडावी. चिकट झालेल्या टेप ‘भाजून’ सुधारतात असे ऐकून कोणी त्या नागपूरच्या उन्हात ठेवण्याचा विचार करत असेल, तर तो कृपया सोडून द्यावा. तो उपाय प्रामुख्याने सत्तर-ऐंशीच्या दशकांतील, मागे काळा लेप असलेल्या काही स्पूल टेपसाठी आहे. त्यात सुमारे ५४ अंशांची स्थिर उष्णता कित्येक तास द्यावी लागते, आणि व्हिनेगरसारखा वास येणाऱ्या जुन्या अ‍ॅसिटेट फितीवर तर तो मुळीच करायचा नसतो.

पुष्कळदा फीत ठणठणीत असते आणि दोष कवचात असतो. फितीच्या मागे, मधल्या खिडकीत, तांबूस पत्र्याच्या पातळ पट्टीवर फेल्टचा नखाएवढा तुकडा चिकटवलेला असतो आणि तो फितीला हेडवर दाबून धरतो. चाळीस वर्षांत त्याचा गोंद सुकतो आणि तुकडा गळून पडतो. मग आवाज रजईखालून आल्यासारखा दबका येतो आणि माणसे फीत गेली असे समजून कॅसेट टाकून देतात. अशा वेळी स्क्रूची एखादी चांगली कॅसेट घ्यावी, दोन्ही कवचांचे पाच-पाच स्क्रू फुलीच्या बारीक स्क्रू ड्रायव्हरने काढावेत, फितीची दोन्ही चाके जशीच्या तशी उचलून नव्या कवचात ठेवावीत आणि फितीला बोट न लावता ती रोलरवरून पूर्वीच्याच मार्गाने ओढून घ्यावी. कवच स्क्रूचे नसून चिकटवलेले असेल, तर त्याच्या जोडावर पातळ पाते हळूहळू फिरवावे लागते, आणि हे काम पहिल्यांदा करणाऱ्याने कोऱ्या कॅसेटवर हात बसवावा.

माझ्या मते दुरुस्तीचा मोठा भाग येथेच, म्हणजे फीत वाजवतानाच होतो, आणि जे हेडवरून उचलले गेले नाही ते संगणकावर कोणत्याही फिल्टरने परत आणता येत नाही. म्हणून चांगला कॅसेट डेक मिळवण्यात आणि तो नीट करून घेण्यात वेळ घालवावा. सीताबर्डीत किंवा इतवारीत जुने डेक हाताळणारा कारागीर सापडला, तर त्याच्याकडून बेल्ट बदलून आणि वेग तपासून घ्यावा. हेड दर कॅसेटनंतर कापसाच्या काडीने, ९९ टक्क्यांच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावे. त्यानंतरचे सर्वांत महत्त्वाचे काम हेडच्या कोनाचे असते. ज्या टू-इन-वनवर ती कॅसेट टेप झाली त्याचे हेड किंचित तिरपे असेल, तर आपल्या डेकचे हेडही तेवढेच तिरपे करावे लागते, अन्यथा वरचे सूर पुसट होतात. हेडच्या बाजूचा छोटा स्क्रू एका वेळी जेमतेम अष्टमांश वळणाएवढा फिरवावा, दोन्ही चॅनेल मोनोमध्ये एकत्र ऐकावेत आणि निवेदकाच्या बोलण्याकडे कान द्यावा. त्याच्या ‘स’ला धार आली, की कोन जुळला. झांजांपेक्षा बोलण्यावरून हे लवकर कळते. काम झाल्यावर एखाद्या खात्रीच्या कॅसेटवर हेड पुन्हा मूळ जागी आणून ठेवावे.

संगणकात घेताना २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ आणि डब्ल्यूएव्ही हे स्वरूप ठेवावे. त्याला तासाला सुमारे दोन जीबी जागा लागते, म्हणजे ९० मिनिटांची कॅसेट तीन जीबीच्या थोडी पुढे जाते. आवाजाची सर्वोच्च पातळी शून्याच्या खाली ६ ते १२ डेसिबल राहू द्यावी. लॅपटॉप वापरत असल्यास चार्जर काढून बॅटरीवर चालवावा, कारण चार्जरमुळे विजेची गुणगुण आत शिरू शकते आणि ती मूळ कॅसेटमधील गुणगुणीत मिसळली, तर दोन्ही वेगळ्या करता येत नाहीत.

ध्वनिमुद्रण संगीतापासून नव्हे, फितीच्या पहिल्या सेंटीमीटरपासून घ्यावे. गाण्याआधीची खरखर, स्टेशन शोधताना फिरलेला काटा, निवेदन, बातम्यांचे चार शब्द यांतले काहीही कापू नये, कारण कॅसेटची तारीख आणि वेग याच भागात दडलेले असतात. बीबीसीवर तास भरताना वाजणारे ग्रिनिचच्या वेळेचे सहा ठोके लागले असतील, तर ते सोन्यासारखे समजावेत. हे ठोके एक किलोहर्ट्झ सुराचे असतात आणि एकेका सेकंदाच्या अंतराने सुरू होतात. ऑडॅसिटीसारख्या मोफत प्रणालीत एक ठोका निवडून त्याची वारंवारता पाहावी. ती १०३० हर्ट्झ आली, तर टेप ३ टक्के जास्त वेगाने फिरते आहे, म्हणून वेग सुमारे २.९ टक्क्यांनी उतरवावा. पहिल्या ठोक्याच्या आरंभापासून सहाव्याच्या आरंभापर्यंतचा काळ मोजून पडताळाही घेता येतो. पाच सेकंदांऐवजी तो ४.८५ सेकंद भरला, तर निष्कर्ष पक्का होतो. शिवाय १९७२ पूर्वी हे सहाही ठोके सारख्याच लांबीचे होते आणि नंतर शेवटचा लांबवला गेला, त्यामुळे सहावा ठोका लांब ऐकू आला, तर ते प्रसारण १९७२ च्या आधीचे नाही, एवढे त्या अर्ध्या सेकंदातून ठरते. सेशन त्याहून जुने असूनही पुन:प्रसारित झालेले असू शकते, म्हणून ध्वनिमुद्रणाची तारीख आणि प्रसारणाची तारीख नेहमी वेगवेगळ्या लिहाव्यात.

ठोके नसतील, तर काही जण विजेच्या गुणगुणीवरून वेग ठरवतात. ती ५० हर्ट्झची असायला हवी हे खरे, परंतु आपल्याकडे त्या काळी विजेची वारंवारता ५० वर स्थिर नसे, म्हणून नागपुरात टेप झालेल्या कॅसेटसाठी मी त्यावर विसंबत नाही. गिटारच्या सुरावरून वेग लावणेही धोक्याचे असते, कारण बँड कधी कधी तारा मुद्दाम उतरवून लावतात.

कच्ची फाइल तयार झाली, की ती कुलूपबंद समजावी आणि पुढचे सारे काम तिच्या प्रतीवर करावे. शॉर्टवेव्हवर शेजारच्या स्टेशनमुळे बहुधा ५ किलोहर्ट्झच्या आसपास बारीक शिट्टी येते, मीडियम वेव्हवर ती ९ किलोहर्ट्झला येते. अगदी अरुंद फिल्टरने ती काढावी. खरखर मात्र फार कमी करू नये. एका वेळी सहा डेसिबलच्या वर गेलो की झांजा पाण्याखाली वाजल्यासारख्या होतात आणि गायकाचा श्वास नाहीसा होतो. आवाज वरखाली होणे, मध्येच विरून जाणे, हे शॉर्टवेव्हच्या लहरींचेच वागणे आहे आणि ते तसेच राहू द्यावे, असे माझे मत आहे. त्याच प्रसारणाची दुसरी कॅसेट दुसऱ्या घरात सापडली, तर विरलेला तुकडा तिच्यातून घेता येतो, मात्र आधी दोन्हींचा वेग जुळवावा आणि जोड कोणत्या मिनिटाला आहे ते नोंदवावे.

इतरांकडून फाइल घेताना ती मूळ टेपपासून कितवी प्रत आहे हे विचारावे. स्पेक्ट्रोग्राममध्ये, म्हणजे आवाजातील वारंवारतांच्या चित्रात, १६ किलोहर्ट्झच्या वर सारे काळे दिसले, की वरचे सूर कापून लहान केलेली एमपी३ म्हणून फाइल नाकारण्याची घाई मी अनेकांना करताना पाहिले आहे. एफएम प्रसारणच मुळात १५ किलोहर्ट्झच्या आसपास थांबते. तेथे १९ किलोहर्ट्झवर एक बारीक आडवी रेघ दिसली, तर ती स्टीरिओ प्रसारणाची खूण असते आणि फाइल थेट एफएमवरून आलेली असण्याची शक्यता वाढते. ही रेघ १९ च्या वर किंवा खाली असेल, तर तीही वेग दुरुस्त करण्यास उपयोगी पडते.

साठवणुकीसाठी आवाजातले काहीही न गमावता फाइल लहान करणाऱ्या एफएलएसी स्वरूपात रूपांतर करावे, एक प्रत घरी आणि एक दुसऱ्या घरी ठेवावी, आणि प्रत्येक फाइलचा एमडी५ आकडा (फाइलमध्ये किंचितही बदल झाला तर बदलणारी तिची खूण) काढून वर्षातून एकदा तो पडताळावा. सोबतच्या मजकूर फाइलीत डेक, हेडचा कोन बदलल्याची नोंद, वेगाची दुरुस्ती, वापरलेले फिल्टर आणि कॅसेटच्या कार्डावरील मजकूर जशाच्या तशा लेखनात असावा. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे प्रकाशित ध्वनिमुद्रणावरील हक्क ६० वर्षे, कलावंतांच्या सादरीकरणावरील ५० वर्षे आणि प्रसारणावरील २५ वर्षे राहतो. त्यामुळे हा संग्रह स्वतःच्या ऐकण्यासाठी आणि अभ्यासासाठी ठेवावा, विकू नये, आणि जे सेशन अधिकृतपणे निघाले आहे ते विकतच घ्यावे.

ज्यांच्या माळ्यावरून कॅसेट आणली त्यांना ती परत करताना सोबत पेनड्राइव्हवर प्रत द्यावी आणि मागच्या कडेवरील मोडलेल्या जागांवर चिकटपट्टी लावू नका, असे डबीच्या आत कागदावर लिहून ठेवावे.