पियानो वाजवताना हात दुखतोय? आधी जोर कमी करा

पियानो किंवा कीबोर्ड शिकायला लागलं की काही महिन्यांतच बऱ्याच जणांचा हात दुखायला लागतो आणि त्यावर हमखास मिळणारा सल्ला म्हणजे "सवय नाहीये ना अजून, बोटं मजबूत झाली की होईल बरोबर". मला हा सल्ला अजिबात पटत नाही. गिटारच्या तारांनी बोटांची टोकं आधी दुखतात आणि मग तिथे घट्टे पडतात, ते ठीक आहे, पण पियानोत सहन करून पलीकडे जावं असं कुठलंच दुखणं नसतं. हात थकणं वेगळं, दुखणं वेगळं. थकवा थोडा वेळ थांबलात की उतरतो. दुखणं मात्र वाजवणं थांबल्यावरही रेंगाळतं, दुसऱ्या दिवशी सकाळी बरणीचं झाकण उघडताना नाहीतर कुलपात चावी फिरवताना परत चमक मारतं. असं झालं की समजायचं, वाजवण्यात काहीतरी बदलायला हवंय.

एक गोष्ट आधी सांगते म्हणजे पुढचं सगळं कळायला सोपं जाईल. बोट वाकवणारे आणि उचलणारे मोठे स्नायू बोटांत नसतातच, ते कोपराच्या खालच्या भागात असतात आणि तिथून टेंडन, म्हणजे स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या चिवट दोऱ्या, मनगटातून पुढे बोटांपर्यंत जातात. म्हणून बोटं वाजवतायत आणि दुखतंय कोपराजवळ, यात काही विचित्र नाही. आणि मनगट वर-खाली किंवा बाजूला मोडून ठेवलंत तर तेच टेंडन वाकड्या वाटेने ओढले जातात, मग तेच काम करायला जास्त ताकद लागते.

आता सुरुवात बसण्यापासून करा, कारण निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात. आपल्याकडे कीबोर्ड कुठे ठेवलेला असतो, तर डायनिंग टेबलवर, पलंगावर किंवा पेटीसारखा जमिनीवर. खऱ्या पियानोच्या पट्ट्या जमिनीपासून साधारण ७२-७४ सेंमीवर असतात. डायनिंग टेबलच ७५ सेंमीच्या आसपास असतं आणि त्यावर कीबोर्डची जाडी, म्हणजे पट्ट्या पार ८५ वर जातात, मग खांदे कानाकडे सरकतात आणि मनगट खाली लोंबतं. जमिनीवर ठेवलात तर उलटं होतं, पाठीला पोक येतं आणि डाव्या टोकाला जाताना कोपर मांडीत अडकतं. एक साधा स्टँड घ्या, त्याची उंची लावा आणि खुर्चीवर असे बसा की हात पट्ट्यांवर ठेवल्यावर कोपर ते मनगट जवळपास सरळ रेषेत येईल, कोपर किंचित वर असेल तरी चालेल. खुर्ची कमी पडत असेल तर खाली घट्ट घडी केलेली सतरंजी घाला, मऊ उशी नको, ती दबते. पाय जमिनीवर पूर्ण टेकले पाहिजेत, लहान मुलांचे लोंबकळत असतील तर खाली पाट किंवा स्टूल द्या, पाय लोंबकळले की मूल तोल सांभाळायला हात पट्ट्यांवर दाबून धरतं आणि आपण म्हणत बसतो की हात सैल सोड. आणि खुर्ची अगदी जवळ ओढू नका, कोपरं पोटाला न घासता हलली पाहिजेत.

बसणं जमलं तरी दुखत असेल तर बहुतेक वेळा प्रश्न जोराचा असतो. खऱ्या पियानोची पट्टी खाली जायला साधारण ५० ग्रॅम वजन पुरतं. खात्री करायची तर १० रुपयांची ६-७ नाणी एकावर एक ठेवून ती पांढऱ्या पट्टीच्या पुढच्या टोकावर ठेवा आणि उजवं पेडल दाबा, पट्टी हळूच खाली बसताना दिसेल. तेवढीशी नाणी! आणि आपण तिथे अख्ख्या हाताचा भार टाकत असतो. पट्टी एकूण फक्त १ सेंमीच्या आसपास खाली जाते आणि तळाला पोचायच्या जरासं आधीच हातोडी सुटून तारेवर आदळलेली असते, त्यानंतर तुम्ही पट्टी कितीही दाबा, आवाजात काडीचाही फरक पडत नाही. तो दाब सगळा फुकट जातो आणि तो जातो थेट तुमच्या टेंडनवर.

म्हणून हा प्रयोग रोज करा. एक सूर वाजवा आणि पट्टी धरून ठेवा. मग बोट न उचलता जोर कमी करत जा, करत जा, जोपर्यंत पट्टी वर यायला लागत नाही. वर येण्याच्या अगदी आधी जेवढा दाब होता, तेवढाच सूर धरायला लागतो. पहिल्यांदा करणाऱ्यांना खरंच वाटत नाही इतका तो कमी असतो. पाचही बोटांनी करा, करंगळीने जरूर करा, आणि करताना दुसऱ्या हाताने कोपराखालचा भाग चाचपून बघा, कडक लागतोय का मऊ. मग सा रे ग म प हळू वाजवा, प्रत्येक सुरानंतर लगेच तो जोर सोडा आणि मगच पुढच्या सुरावर जा. कंटाळवाणं आहे, मान्य, पण दुखण्यावर याच्याइतका गुण मी दुसऱ्या कशानेच आलेला पाहिला नाहीये.

पेटीवरून पियानोकडे येणाऱ्यांना हे जास्तच जाणवतं. माझ्याकडे एक काका शिकायला यायचे, पेटीवर हात इतका तयार की ऐकत राहावं, पण पियानोवर बसले की वीसेक मिनिटांत उजवं मनगट भरून यायचं. पेटीत आवाज भात्याच्या हवेतून येतो, पट्टी दाबून धरली तोवर सूर चालू, त्यामुळे बोट पट्टीवर रोवून ठेवायची सवय होते. पियानोत आवाज ठरतो पट्टी किती वेगाने खाली गेली त्यावर. मोठा आवाज हवा तर हात जरा वरून मोकळा पडू द्यायचा, दाबायचा नाही. शिवाय पेटीवाल्यांचा डावा हात आयुष्यभर भात्यावर असतो, त्याच्या बोटांना एकदम उजव्याइतकं काम दिलंत तर तो कुरकुरणारच, त्याला वेगळा आणि कमी वेळ द्या. हलक्या पट्ट्यांच्या कीबोर्डवरून खऱ्या पियानोवर जातानाही तेच, पहिले काही आठवडे रोज थोडंच वाजवा.

मुंबई, कोकण, गोव्यात पावसाळ्यात अजून एक भानगड होते. दमट हवेने लाकूड आणि आतलं फेल्ट फुगतं, पट्ट्या जड होतात, काही तर दाबल्यावर वरच येत नाहीत, आणि माणूस नकळत प्रत्येक पट्टीवर जास्त जोर लावायला लागतो. जूनपर्यंत काही दुखत नव्हतं आणि जुलैत सुरू झालं असेल तर हाताआधी पियानो दाखवा, ट्यूनरला बोलवा.

चौथ्या बोटाबद्दल, म्हणजे अनामिकेबद्दल, दोन शब्द. ती स्वतंत्रपणे उंच उचलली जात नाही कारण हाताच्या मागच्या बाजूला तिचे टेंडन शेजारच्या बोटांच्या टेंडनना जोडलेले असतात. ही शरीराची रचना आहे, कमजोरी नाही. तिला "ताकद यावी" म्हणून बाकीची बोटं दाबून धरून ती उंच उचलायचे व्यायाम कृपा करून करू नका. रॉबर्ट शूमान हा जर्मन संगीतकार तरुणपणी बोटांच्या व्यायामासाठी एक यांत्रिक उपकरण वापरायचा आणि १८३२ च्या सुमारास त्याच्या उजव्या हाताचं मधलं बोट निकामी होऊन पियानोवादक व्हायचा विषयच संपला. नेमकं कारण काय होतं यावर आजही वाद आहेत, पण बोटांवर जबरदस्ती करायच्या आधी हे आठवावं. चौथं बोट वाजवताना त्याच्या मागे मनगट आणि हात थोडा त्या बाजूला सरकवा, बोट एकटं पडलं नाही की दुखत नाही.

अंगठ्याचंही तसंच. स्केल, म्हणजे ओळीने चढते-उतरते सूर, वाजवताना अंगठा तळहाताखाली कोंबू नका, अख्खा हात बाजूला सरकत राहिला तर अंगठा आपोआप जागेवर पोचतो. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेला दुखत असेल, आणि अंगठा मुठीत घेऊन मनगट हळूच करंगळीच्या दिशेला वाकवल्यावर जोरात कळ येत असेल, तर तिथल्या टेंडनचं आवरण सुजलेलं असू शकतं, डॉक्टर त्याला डी क्वेर्व्हेन म्हणतात. बाळाला सतत उचलणाऱ्या आयांना हे फार होतं. ही तपासणी एकदाच करा, परत परत करून बघू नका.

हात लहान असेल तर सा ते वरचा सा गाठताना त्रास होणार हे गृहीत धरा, सात पांढऱ्या पट्ट्यांची रुंदी साधारण १६.५ सेंमी होते आणि पट्ट्यांचं हे माप लहान हात डोळ्यासमोर ठेवून ठरलेलं नाही. ताणून धरलेल्या हाताने सलग ऑक्टेव्ह, म्हणजे सा आणि वरचा सा एकदम, वाजवत राहणं सगळ्यात वाईट, दोन ऑक्टेव्हच्या मध्ये क्षणभर हात मिटू द्या. मोठा कॉर्ड, म्हणजे एकदम वाजवायचे अनेक सूर, हाताला पोचत नसेल तर खालून वर एकेक सूर सोडत वाजवा, मधला एखादा सूर दुसऱ्या हाताला द्या, नाहीतर सरळ गाळा. यात कमीपणा काही नाही, मोठमोठे वादक करतात.

आणि हात दिवसभर काय करतो तेही मोजा. लॅपटॉप, मोबाइलवर अंगठ्याने टायपिंग, पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये तासभर बाइकचा क्लच दाबणं, कणीक मळणं, खोबरं खवणं, कपडे पिळणं, हे सगळं त्याच स्नायूंवर येतं. वीस पोळ्या लाटून लगेच पियानोवर बसलात तर हात आधीच अर्धा संपलेला असतो. एसीच्या थंड खोलीत तर आधी कोमट पाण्यात हात धरा, मग पाच मिनिटं अगदी हळू आणि हळुवार वाजवा. सलग दीड तास बसण्यापेक्षा वीस-पंचवीस मिनिटांचे तुकडे करा आणि मध्ये उठून खरंच चालून या, मोबाइल हातात घेऊन बसणं म्हणजे विश्रांती नाही. सगळ्यात जास्त हात बिघडतात ते ग्रेडच्या परीक्षेच्या आधीच्या महिन्यात, कारण अर्ध्या तासाचा रियाज एकदम तीन तासांवर जातो आणि त्यातही एकच अवघड ओळ शंभरदा घोटली जाते.

आता जे घरी सोडवायचं नाही ते. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अर्ध्या अनामिकेला मुंग्या येतात, रात्री बधिरपणाने जाग येते आणि हात झटकावासा वाटतो, तर मनगटातली नस दबत असू शकते, म्हणजे कार्पल टनेल. डायबिटीस, थायरॉइड असेल किंवा गरोदरपण असेल तर हे जास्त होतं. करंगळी आणि अर्धी अनामिका बधिर होत असेल तर नस बहुतेक कोपरापाशी दबतेय, कोपर घट्ट दुमडून झोपू नका. वस्तू हातातून निसटणं, सूज, बोट वाकलेलंच अडकणं, विश्रांती घेऊनही दोन आठवड्यांत उतार न पडणं, यातलं काहीही असेल तर ऑर्थोपेडिक किंवा हँड सर्जनकडे जा आणि पियानो वाजवतो हे आवर्जून सांगा. एक प्रकार असा आहे की त्यात बहुधा दुखत नाही, पण वाजवायला लागलं की एखादं बोट आपोआप आत वळतं, बाकी कामं करताना ते बोट ठीक असतं. त्याला फोकल डिस्टोनिया म्हणतात. अमेरिकन पियानिस्ट लिऑन फ्लायशर यांची उजव्या हाताची चौथी-पाचवी बोटं १९६० च्या दशकात अशी वळायला लागली, तीस वर्षं ते मुख्यतः डाव्या हातासाठीच्या रचना वाजवत राहिले, शिकवत राहिले, आणि १९९० च्या दशकात उपचारांनंतर परत दोन्ही हातांनी वाजवू शकले. हे वाटलं तर जास्त रियाज करून घालवायचा प्रयत्न करू नका, न्यूरोलॉजिस्टला दाखवा.

पेनकिलर घेऊन किंवा बाम चोळून त्याच दिवशी वाजवायला बसू नका, दुखणं झाकलं जातं आणि इजा वाढत राहते. दोन-चार दिवस पूर्ण थांबा. त्या दिवसांत नोटेशन वाचा, रेकॉर्डिंग ऐका, थिअरी करा, दुसरा हात ठणठणीत असेल तर त्याचा भाग हळू बसवा. परत सुरू करताना दिवसातून दोनदा पाच-पाच मिनिटं, हळू, हलक्या आवाजात, ऑक्टेव्ह नाही, वेगवान काही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी हात ठीक वाटला तर दोन मिनिटं वाढवा, नाही वाटला तर कमी करा. क्लासमध्ये सरांना-मॅडमना स्पष्ट सांगा की हात दुखतोय, लपवू नका, आणि परीक्षा जवळ असेल तरी हेच, ती पुढच्या सेशनला देता येते.